वाढदिवसाखाली बुडालेला इशारा

गावाकडच्या मंडळींनो, आज दुपारी काय झालं ते ऐका.

गोदावरीवरच्या धरणातून पाणी सोडल्याचं मला इथे नाशिक रोडला कळलं आणि मी सायखेड्याजवळ राहणाऱ्या काकांना फोन लावला. त्यांच्या म्हशी नदीकाठी बांधलेल्या असतात.

"काका, धरणाचं पाणी सोडलंय! गावाच्या ग्रुपवर इशारा नाही आला?"

"नाय रे. सकाळपास्नं साहेबांच्या वाढदिवसाचेच मेसेज हायेत."

मी ग्रुप चाळला, तर इशारा सकाळीच आला होता. शुभेच्छांखाली गाडला गेला होता.

काका फोन चालू ठेवूनच पळाले. मला फक्त त्यांची धाप आणि पाण्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी ओरडले, "सोडल्या रे म्हशी!"

लगेच त्यांनी ग्रुपवर टाकलं, "पाणी चढतंय, गुरं सोडा."

त्याखाली केकचा फोटो आला.

आता सांगा, इशाऱ्यासाठी वेगळा ग्रुप काढायचा, की वाढदिवस संपेपर्यंत गोदावरीलाच थांबायला सांगायचं?