कॅप्सूलमध्ये उरलेली पावडर

माझी धाकटी जाऊ दुर्गेश्वरी कणीक मळायला बसली की आधी परातीत पीठ ओतते आणि त्याचा ढीग बघत राहते. ढीग उभा राहतो की पसरतो, हे तिला पाहायचं असतं. पोळ्या तिच्या तरीही वेड्यावाकड्याच होतात. पण घरात कोणी काही म्हणत नाही. ती पावडरीवर पीएचडी करते.

गोंदियात कुडव्याला आमचं घर. माझे मिस्टर इंद्रकुमार थोरले, घनश्यामभाऊजी धाकटे. दुर्गेश्वरी त्यांची बायको, आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यातली. तिचे वडील धानाचे शेतकरी. बारावीनंतर त्यांनी तिला विचारलं, पुढं काय? ती म्हणाली, औषधं बनवायचं शिकते. त्यांनी शिकू दिलं. मला माझ्या वडिलांनी विचारलं नव्हतं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले, तो निकाल लागला तेव्हा माझ्या हातावरची लग्नाची मेंदी उतरत होती.

लग्नानंतर दुर्गेश्वरी इथल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागली आणि पुढे तिनं संशोधनही सुरू केलं. विषय, दम्याची ओढून घ्यायची औषधं. कॅप्सूल छोट्या इनहेलरमध्ये घालायची, पिळून फोडायची आणि आतली पावडर श्वासाबरोबर छातीत ओढायची. एकदा मुरमुऱ्यांना तिखट-मीठ लावताना तिनं मला ते समजावलं होतं.

"दीदी, औषधाचा कण इतका बारीक असतो, की एकटा सोडला तर कॅप्सुलीलाच चिकटून बसतो. म्हणून त्याला दुधातल्या साखरेच्या मोठ्या कणावर बसवायचं. असंच, मुरमुऱ्यावर तिखट बसतं तसं. मग माणसानं जोरात ओढलं की तिखट सुटतं आणि छातीत जातं. मुरमुरा घशातच राहतो."

"आणि हळू ओढलं तर?"

"तर काहीच होत नाही. सगळं जिथल्या तिथं."

मला ते एका झटक्यात समजलं. समजलं याचाच राग आला.

आमचे सासरे श्यामलालजी, म्हणजे बाबूजी, चाळीस वर्षं राईस मिलमध्ये होते. छातीत कोंडा घेऊनच रिटायर झाले. डॉक्टरांनी त्यांना हाच इनहेलर दिलेला. जवळच्या मुर्री गावातले त्यांचे मिलमधले जुने सोबतीही तोच घेतात. दुर्गेश्वरीनं कॉलेजची परवानगी आणि प्रत्येकाची सही घेऊन या मिलवाल्यांच्या आणि इतर काही पेशंटांच्या वापरलेल्या कॅप्सुली गोळा करायला सुरुवात केली. आत किती पावडर उरली, ते ती काट्यावर मोजायची. बाकी पेशंटांच्या कॅप्सुली जवळजवळ रिकाम्या निघायच्या. मिलवाल्यांच्या निम्म्या भरलेल्या.

तिनं ठरवलं, हा ओलाव्याचा दोष. मिलमध्ये धान उकडतात, त्या वाफेनं आसपासच्या घरांत पावडर दमट होऊन गोळा होते. चार महिने तिनं त्यांना घट्ट झाकणाचे, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेले डबे दिले. फरक शून्य. येत्या सोमवारी तिच्या गाइडला उत्तर द्यायचं होतं. नाही दिलं, तर विषय बदलणार आणि वर्ष वाया जाणार होतं.

आता खरं सांगते. ते वर्ष वाया जावं असं मला वाटत होतं.

तिचा पांढरा कोट दोरीवर वाळायचा आणि इस्त्री मी करायची. पाहुणे आले की बाबूजी सांगायचे, "लहानी सून पीएचडी करून राहिली. छातीच्या औषधाची." मग माझ्याकडे हात करून, "आन हे मोठी. चहा लय बेस करते." त्यांची पथ्यं, गरम पाणी, पाठीला तेल, पंधरा वर्षं माझ्याकडेच. मला पीएचडी नको होती. "मोठी" या शब्दानंतर चहाऐवजी दुसरं काहीतरी यावं, एवढंच हवं होतं.

मंगळवारी सकाळी मी बाबूजींच्या खोलीत गरम पाणी घेऊन गेले. दुर्गेश्वरी दारात उभी होती. धाकट्या सुनेसमोर तोंड उघडायचं नाही म्हणून बाबूजी नेहमीसारखे भिंतीकडे वळले आणि इनहेलर तोंडाला लावला. तिला फक्त पाठ दिसली. मी मात्र कपाटाजवळ होते आणि कपाटाला आरसा आहे. कॅप्सूल खुळखुळली तसे त्यांचे खांदे वर चढले आणि गळा बंद झाला. त्यांनी श्वास ओढलाच नाही. धरून ठेवला.

ती कॉलेजला गेल्यावर मी विचारलं, "बाबूजी, दम काऊन धरता?"

"मी कोठी धरतो?"

"आत्ता धरला. मी पाहिलं."

"सवय असंल बापा. मिलमंदी धान भरडाचा हॉलर सुरू झाला का कोंडा उडे. भुकटी आली का दम धराचा, थे जाऊ द्याची, मंग श्वास घ्याचा. नाई तं मानूस खोकून खोकून मरते."

म्हणजे ओलावा नव्हताच. चाळीस वर्षं भुकटी दिसली की श्वास रोखणाऱ्या माणसांना आता भुकटीच ओढायला सांगितली होती.

संध्याकाळी दुर्गेश्वरीनं स्कूटी लावता लावता विचारलं, "दीदी, तुम्ही रोज बघता ना? बाबूजी बरोबर घेतात?"

मी तिचा कोट इस्त्री करत होते. कॉलरवर सुरकुती होती, ती दाबली.

"घेतात की."

बुधवार गेला, गुरुवार गेला. ती जेवताना शून्यात बघायची. मी तिला जास्तीचा भात वाढायची आणि मनातल्या मनात म्हणायची, शोध ना. तुझा काटा आहे, कोट आहे. शोध. बाबूजींना शनिवारी फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागलं, तेही मी पाहिलं. पाहून धुणं वाळत घातलं.

रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत गेले तर ते खिडकीशी उभे. वापरलेली कॅप्सूल उघडून गजाबाहेर झटकत होते. पांढरी पावडर खालच्या तुळशीवर पडत होती.

"हे काय करून राहिले?"

ते चोरी सापडल्यासारखे हसले. "उद्या लहानीची मीटिंग हाये ना. माह्या कॅपसुलीत पावडर उरते म्हून तिचा चेहरा उतरते. खाली निंगाली तं बेस होईल तिले."

"तुम्हाले दम लागून राहिला त्याचं काय?"

"लागू दे. मले का परीक्षा द्याची हाये?"

माझ्या अंगाची आग झाली. माझ्यासाठी या माणसानं कधी अशी लबाडी केली होती? माझ्या निकालासाठी कोणी काय झटकलं होतं? पण एवढं बोलूनच ते पलंगावर बसले आणि त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. ती कॅप्सूल रिकामी दिसली असती. दुर्गेश्वरीनं लिहिलं असतं, औषध पोचतंय. आणि मी तिथंच उभी राहिले असते, सगळं माहीत असून.

दुपारी मी कढी केली. बाबूजी कढी वाटीनं पितात, भुरके मारत, असे की शेजारी ऐकू जावेत. दोन भुरके झाल्यावर मी वाटी बाजूला केली आणि हातात इनहेलर दिला.

"आता याचा भुरका मारा."

"आं?"

"कढी समजा. गरम हाये. तोंडातच नोका ठेवू, छातीत ओढा. आन मी दहा म्हणेपर्यंत सोडू नोका."

पहिल्यांदा खांदे चढले. दिवसातली दुसरी कॅप्सूल रात्रीची होती, म्हणून इनहेलर रिकामाच होता; तोच त्यांच्याकडून पाचसहा वेळा ओढून घेतला. शेवटचा भुरका असा बसला की स्वतःच दचकले. "बापा! हे तं पोटापावतर गेलं!"

मग मी दुर्गेश्वरीच्या खोलीत गेले आणि आरशापासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पेन उघडं तसंच हातात.

"दीदी, कधी पाहिलं हे?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मग?"

खोटं सुचत होतं. बोलले नाही. "तुझा कोट इस्त्री करत होते."

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि ती उठून गेली. रात्री जेवायला बसली. भात स्वतःच्या हातानं वाढून घेतला.

सोमवारी सकाळी मी भाजी चिरत होते. तिनं ओट्यावर दुसरं हेल्मेट ठेवलं.

"चला."

"कुठं?"

"मुर्रीला. माझ्यासमोर ते पाठ फिरवतात. मीटिंग चार वाजता आहे." आणि जरा थांबून, "राग गेला नाही माझा. पण चला."

चैतरामभाऊ बाबूजींबरोबर हॉलरवर होते. दुर्गेश्वरीला पाहताच, "या डॉक्टरबाई," म्हणत खुर्ची पुसली आणि इनहेलर घेऊन भिंतीकडे वळले. ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तू श्यामलालची मोठी ना? तुह्यासमोर कायची लाज!" त्यांच्या घरी कढी नव्हती, चहा होता. चहाच्या बशीवर दहा मिनिटं शिकवलं, मग त्यांची सकाळची खरी कॅप्सूल. भुरका ऐकून अंगणातून दुर्गेश्वरीनं मान आत घातली आणि लगेच बाहेर काढली.

कॉलेजच्या त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. काटा काचेच्या पेटीत होता. दुर्गेश्वरीनं पांढरा कोट चढवला, माझीच इस्त्री. मला घालायला दुसरा कोट नव्हता आणि ते मला टोचलं, अजूनही टोचतं. तिनं रिकाम्या कॅप्सुलीचं वजन काट्यातून आधी वजा केलं आणि मग चिमट्यानं चैतरामभाऊंची कॅप्सूल आत ठेवली.

"मागच्या वेळी अकरा मिलिग्रॅम उरली होती," ती म्हणाली. "एकानं काही सिद्ध होत नाही, दीदी. वीस जणांचं लागेल. पण गाइडकडे वेळ मागता येईल."

"येईन ना मी. वीसही जणांकडे."

"माहीत आहे. वाचा तुम्ही आकडा, मी लिहिते. आणि जवळ जाऊन श्वास नका सोडू, काटा हलतो."

मी वाकले आणि श्वास धरला. आकडे चारपाचदा वरखाली झाले.

"दोन," मी म्हणाले.

"पुन्हा बघा."

"दोनच आहे, दुर्गेश्वरी. लिही."