तन्वीसाठी राखलेला गाळ

आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत चिखलाबद्दल परशुरामकाकांइतकं कोणी बोलत नाही. भात लावणारा माणूस चिखलाबद्दल बोलणारच. पण काकांचा हा चिखल वेगळा.

त्यांची एकुलती एक मुलगी तन्वी पोलंडात असते. तिथल्या जुन्या रानांतल्या तळ्यांच्या तळाचा गाळ काढून ती त्यात कोळशाचे कण शोधते. हजारो वर्षांपूर्वी उन्हाळे कोरडे जायचे तेव्हा ती रानं सारखी पेटायची, हवा दमट झाली की शतकानुशतकं गप्प राहायची. गाळाच्या थरांत हे सगळं उरतं म्हणे. तिनं व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर काकांचा पहिला प्रश्न, "पण बिडी कोणी टाकल्यान?"

"बाबा, तेवा बिडी खंयची? वीज पडान रान पेटायचा."

"कायतरीच! आमच्या डोंगराक कोणी लायल्याशिवाय आग लागणा नाय."

मग काका हळूच मुद्द्यावर आले. "गाळच होयो ना? आपल्या देवळाच्या तळ्यात काय कमी आसा?"

"बघूया," ती म्हणाली.

त्या 'बघूया'वर काकांनी वर्ष काढलं. उन्हाळ्यात गावानं तळं उपसलं, तेव्हा त्यांनी दोन बादल्या गाळ घरी आणून माडाखाली झाकून ठेवला. त्यांची बायको तुळसाकाकी म्हणाली, "आपला चेडू येतला तर तेका बांगडे ठेवा. चिखल कसलो ठेवतास?"

बादल्या फोनवर बघून तन्वीनं कपाळाला हात लावला. "बाबा, ढवळललो गाळ चलाचो नाय. थर जसेच्या तसे होये."

म्हणून यंदा तळं उपसताना काका कमरेभर चिखलात उभे. पिंपळाखालच्या कोपऱ्याला त्यांनी काठ्या ठोकलेल्या.

"हयसर फावडा घालूचा नाय!"

"कित्याक रे?" शेजारच्या गंगारामनं विचारलं. "बापूस पुरललो आसा काय तुझो थंय?"

"माझा चेडू येतला म्हणान."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. पण फावडी मात्र त्या कोपऱ्याला वळसा घालून गेली.

संध्याकाळी तन्वीचा फोन आला. काकांचे हात चिखलाचे, म्हणून फोन मी धरला. तिचं तिथलं काम आणखी दोन वर्षं लांबलं होतं. काकांनी हाताचा चिखल बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "दोन वर्सात गाळ किती साचता गो?"

"फार तर बोटभर, बाबा."

"बोटभर उशीर चलात," काका म्हणाले. "हातभर करू नको."