शेवग्याचं वाण

विजयाताई सांगलीच्या. त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे कानपूर रोडवरच्या सरोजिनी नगरातल्या त्यांच्या शेजाऱ्यांना, अवस्थींना कुणी सांगितलं नव्हतं.

ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि परत येतात तो काय, मागच्या अंगणातला शेवगा गायब! भिंत सरकवून तिथं अवस्थींच्या गाडीची पत्र्याची शेड. नवऱ्यानं एअरफोर्समधून रिटायर झाल्यावर स्वतःच्या हातानं लावलेलं झाड ते. आता नवरा नाही, झाडही नाही.

"कैसा पेड़, आंटीजी?" अवस्थी हसले. "अंकल गए तबसे आप बहुत भूलने लगी हैं।"

मेल्यानं गल्लीभर तेच पसरवलं. बंगळुरूला राहणाऱ्या मुलानं, अमोघनं तर ते झाड कधी नीट पाहिलेलंही नव्हतं. "मम्मी, डॉक्टर को दिखाते हैं। घर बेचकर यहीं आ जाइए।" पोटचा पोरगासुद्धा! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मन रमावं म्हणून त्यानंच कंप्युटरवर उपग्रहाचा नकाशा लावून दिला होता. ताई त्यात कृष्णेच्या घाटावर फिरायच्या, हिमालय पालथा घालायच्या. एकदा कळलं, यात जुन्या सालांचे फोटोही दिसतात. झालं! अमौसी विमानतळाची धावपट्टी, कानपूर रोड, आपली गल्ली, आपलं छप्पर. साल मागं सरकवलं आणि भिंतीपाशी हिरवा गोळा दिसला. पुढच्या सालात गोळा नाही, निळा पत्रा. ताई आधी रडल्या, मग हसल्या. "थांब बाबा, तुला दाखवते इंगा!"

कोर्ट नको, कचेरी नको. संक्रांत तोंडावर आली होती. विधवेनं हळदीकुंकू करू नये म्हणे! ताई दरवर्षी करायच्या आणि गल्लीतल्या सगळ्या भाभी वाणाच्या आशेनं यायच्या. यंदा वाण म्हणून अमीनाबादच्या बाजारातून छापून आणलेले चहाचे ट्रे. ट्रेवर नकाशातले तेच दोन फोटो शेजारी शेजारी, खाली सालं.

अमोघला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि पहिला ट्रे दिला अवस्थीबाईंना. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"अरे, ये तो आपकी शेड है!" शेजारची मालिनीभाभी ओरडली. "और यहाँ तो पेड़ था!"

अवस्थीबाईंचा चेहरा पडला. "मैंने इन्हें मना किया था, आंटी।"

"होली तक शेड हटवा लीजिए," ताई शांतपणे म्हणाल्या. "नहीं तो अगले साल कैलेंडर छपवाऊँगी।"

मग त्यांनी फोन तोंडासमोर धरला. "ऐकलंस? आता सांग, डॉक्टरकडे कुणाला न्यायचं?"

अमोघ कितीतरी वर्षांनी मराठीत बोलला. "चुकलो, आई."