हातोडीची गाठ भाचीशी

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारं मोठं मशीन चालवणाऱ्या बाईला सगळे हातोडी म्हणत. नाव पडलं होतं तिच्या उजव्या हातावरून. पिंजऱ्यातल्या मारामारीचा खेळ नवा नवा होता, तेव्हा ती त्यात उतरली होती. वजनाचे गट नव्हते, हातमोजे नव्हते. बंदी होती ती चावण्यावर आणि डोळ्यांत बोटं घालण्यावर, तीही पंचाला दिसलं तर. एकदा तिच्या दीडपट बाईने तिला खाली दाबून कपाळानेच तोंडावर टोले हाणले. हातोडीचे पुढचे दोन दात निखळले. ते तिने गिळले, कारण थुंकायला मान वळवली असती तर गळा उघडा पडला असता. मग खालूनच त्या बाईच्या कानशिलावर कोपर घालत राहिली, ती अंगावर आडवी होईपर्यंत.

ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. बहिणीची मुलगी तर अशाच गोष्टी ऐकत मोठी झाली आणि त्याच खेळात शिरली. पण भाचीची तऱ्हा वेगळी. तिला पकडी शिकवायला एक कोच, लाथांना दुसरा, आणि काय खायचं ते सांगायला तिसरी बाई. एका रविवारी जेवताना मेहुण्याने सहज विषय काढला, की मावशी ऐन उमेदीत असती आणि आजच्या मुलींसमोर उभी राहिली असती, तर? भाचीने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, पहिला राउंडसुद्धा पुरा झाला नसता. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं तिने सांगितलं. हातोडीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऐन उमेद राहू दे," ती म्हणाली. "आत्ताची येते."

बहिणीने तिच्या वयाची आणि गुडघ्याची आठवण करून दिली. भाचीने हसण्यावारी नेलं. हातोडीने नेलं नाही. शनिवारी दुपारी शिफ्ट संपवून ती सरळ भाचीच्या जिममध्ये हजर झाली. पकडींच्या कोचने हो-नाही करत शेवटी दोघींना बोटं उघडी राहणारे हातमोजे चढवले आणि हलक्या हाताने खेळा म्हणून बजावलं.

भाची खरंच हलक्या हाताने खेळत होती. हातोडीने तिच्या कानाखाली असा ठोसा ठेवून दिला की पोरगी पिंजऱ्याच्या जाळीवर जाऊन आदळली. तिची नजर बदलली.

पुढचं हातोडीला समजेपर्यंत होऊन गेलं होतं. ती मारायला पाऊल पुढे टाकायची, की भाचीची नडगी तिच्या पोटरीवर बसायची. हातोडीच्या काळी लाथ यायची ती मांडीवर, नाहीतर डोक्यावर. पोटरीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. दोन-तीन लाथांत पाऊल बधिर झालं. आणखी एक बसली आणि घोटा मुडपला. पायाकडे बघायला तिने मान खाली घातली, तोच भाचीच्या ठोशाने भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. तिने सगळा जीव एकवटून उजवा हात फिरवला. तिथे डोकंच नव्हतं. भाची कमरेत शिरली होती. तिने मावशीला उचलून आपटलं, पालथं पाडलं, पाठीवर स्वार झाली आणि हात गळ्याखाली सरकवू लागली.

हातोडीचा श्वास कोंडला. डोकं चालेना, पण हात जुन्या सवयीने चालले. भाचीची करंगळी सापडली, ती तिने उलटी मोडली. काडकन आवाज झाला. कोच ओरडत धावला.

भाचीची पकड सुटली नाही. मोडकं बोट तसंच लोंबत ठेवून तिने मावशीचा गळा कोपराच्या बेचक्यात घेतला आणि दुसऱ्या हाताने आवळला. हातोडीला समोरची जाळी अंधुक दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

शुद्ध आली तेव्हा कोचने तिचे पाय वर धरले होते. भाची शेजारी बसली होती, बोटावर बर्फ, चेहरा पांढराफटक.

"मावशी, चटईवर हात का नाही आपटलास? मी लगेच सोडलं असतं."

"आमच्यात हात आपटला तरी समोरची सोडेलच असं नव्हतं." हातोडीने तोंडावरचं रक्त पुसलं. "बोट मोडल्यावर तू सोडशील असं वाटलं होतं. आमच्यातल्या सगळ्या सोडायच्या."

मग तिने भाचीचा हात मांडीवर घेतला, सुजलेलं बोट पाहिलं, आणि तिला रडू आलं. दात गेले तेव्हाही आलं नव्हतं.

त्या बोटापायी भाचीची ठरलेली लढत रद्द झाली. बहिणीने हातोडीशी बोलणं टाकलं. लॉन्ड्रीतल्या बायकांनी काळंनिळं तोंड बघून विचारलं, तेव्हा भाचीने धुतलं, पिळलं आणि वाळत घातलं, एवढंच हातोडीने सांगितलं. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण पोटरी इतकी सुजली होती की मशीनसमोर ती स्टूल घेऊन बसली.

सूज उतरल्यावर ती पुन्हा जिममध्ये गेली, माफी मागायला. भाचीने तिला दारातच थांबवलं आणि आधी बोटं न मोडण्याचं वचन घेतलं. मग लाथ येताना दिसली की गुडघा बाहेर वळवून पाय कसा उचलायचा, ते दाखवलं. हातोडी नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिली. समोर बँकेत नोकरी करणारी एक बारकी बाई होती. तिने लाजत लाजत लाथ मारली आणि ती नेमकी पोटरीवर बसली.

"जोरात मार," हातोडी म्हणाली. "लाजतेस काय."