आईची शीळ

सणसवाडीच्या कंपनीतून रजा काढून मी आईला आंबोलीच्या जंगलात पक्षी बघायला नेलं. मांडवगणच्या शेतात जन्म गेलेली आई एवढं धुकं पहिल्यांदाच बघत होती. त्यात पक्षी काही दिसेना. तेवढ्यात झाडीतून माणसानं घालावी तशी शीळ आली.

“शीळकरी कस्तुर,” गाईड हळूच म्हणाला.

आईनं ओठांचा चंबू केला आणि हुबेहूब तशीच शीळ घातली. झाडीतून लगेच उत्तर आलं. मी थक्कच झाले.

“आई, तुला शीळ येती?”

“व्हय. लहानपणी गुरांमागं शिकले. सासरी बाईमाणसाला शोभत न्हाई म्हणायचे, मग सोडली.”

मी तिचा हात धरला.

“गप उभी ऱ्हा,” ती म्हणाली, “त्यो परत बोलतोय.”

गाईडनं पुढं चलायची घाई केली नाही.