ॲपवर उशिरा पोचणारा प्रश्न

रंगपंचमीनंतरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याने आमच्या रेडिओ स्टेशनला फोन केला आणि आमची बक्षीस-स्पर्धा बनावट असल्याची तक्रार नोंदवली. फोन मी घेतला.

मी त्या स्टेशनवर दुपारच्या कार्यक्रमाची निर्माती होते. त्याआधी काही वर्षं एका दैनिकाच्या शहर पानावर काम केलं होतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे इथे माझ्या वाट्याला नळाच्या वेळा, बंद रस्ते, परीक्षांचे निकाल आणि या स्पर्धेचे प्रश्न आले होते.

"मॅडम, तुम लोग सेटिंग कर रिये हो," व्यापारी म्हणाला. "रोज सवाल सुनता हूँ, हाथोंहाथ फोन लगाता हूँ, और रोज तुम बोलते हो कोई और जीत गया. सामनेवाला रस्सीवाला दो बार जीत चुका. मेरे कान में क्या रुई भरी है?"

स्पर्धा साधी होती. निवेदक एक प्रश्न विचारायचा आणि बरोबर उत्तर देणारा पहिला फोन जिंकायचा. बक्षीस म्हणजे शहरातल्या एका दुकानाच्या नमकीनचा डबा. डब्यासाठी कोणी फोन करत नव्हतं. विजेत्याचं नाव रेडिओवर पुकारलं जायचं आणि बाजारात ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

निवेदक पन्नाशीला आलेला मराठी माणूस होता. बडा गणपतीच्या देवळामागे राहायचा. आजोबा संस्थानच्या काळात कारकून म्हणून इंदूरला आले, वडील शाळेत शिक्षक होते. स्टेशन सुरू झालं तेव्हापासून दुपारचा कार्यक्रम त्याचाच होता. माइकवर तो अस्सल इंदुरी हिंदी बोलायचा आणि प्रत्येक श्रोता त्याचा 'भिया', म्हणजे भाऊ, असायचा. माइक बंद झाला की मराठीवर यायचा. तीही निम्मी हिंदीच.

त्या हिवाळ्यात मुंबईच्या मुख्य कार्यालयाने कळवलं होतं की दुपारचा कार्यक्रम यापुढे मुंबईत ध्वनिमुद्रित होईल आणि तोच चार शहरांत वाजेल. इंदूरला जूनपर्यंत सवलत होती. तोपर्यंत स्टेशनच्या नव्या ॲपवर ऐकणारे पुरेसे वाढले, तर फेरविचार होणार होता. निवेदकाचा करार कार्यक्रमापुरता होता. कार्यक्रम गेला तर नोकरीही जाणार होती. म्हणून तो रोज दुपारी लोकांना ॲप उतरवून घ्यायला सांगत होता. मसाल्याच्या व्यापाऱ्याने ते ऐकलं होतं आणि दुकानातला जुना रेडिओ बंद करून मोबाइलवर ऐकायला सुरुवात केली होती.

तक्रार मी निवेदकाला सांगितली. तो गाण्याच्या मध्ये डबा उघडून जेवत होता.

"तो माणूस खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "शुरू से ऐकतो तो मला. उद्या तू जाऊन बघ तर सही."

"आणि तुम्हाला प्रश्न कोण देणार, दादा?"

"लिहून ठेवून जा ना. मला वाचता येतं, अगं."

बुधवारी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी सियागंजला पोचले. मसाल्याचं दुकान आणि दोरखंड-ताडपत्रीचं दुकान समोरासमोर होतं. मधून एक हातगाडी जेमतेम जाईल एवढाच रस्ता. मसाल्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी मोबाइल स्पीकरला जोडून ठेवलेला होता. समोर दोरखंडवाल्याकडे कापडात गुंडाळलेला जुना रेडिओ खुंटीला टांगलेला होता. दोन्हींवर आमचंच स्टेशन चालू होतं, आणि दोन्हींवर एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या ओळी वाजत होत्या. समोरचं गाणं संपलं, जाहिरात लागली. इकडे तेच गाणं अजून शेवटच्या कडव्यात होतं. मी बराच वेळ दोन्हीकडे ऐकत उभी राहिले.

मग रस्त्यापलीकडून निवेदकाचा आवाज आला. राजवाडा किती मजली आहे, असा त्या दिवशीचा प्रश्न होता. दोरखंडवाल्याने फोन उचलला, नंबर फिरवला आणि गल्लीत वाकून ओरडला, "अरे सेठ, सात बोल देना! सवाल पीछे-पीछे आ रिया है!"

गल्लीतले हमाल हसले. शेजारचा चहावाला हसला. मसाल्याच्या दुकानातल्या मोबाइलवर अजून जाहिरात चालू होती. ती संपल्यावर निवेदकाने राजवाडा किती मजली आहे असं तिथे विचारलं, तोवर समोरचा स्टेशनशी बोलून मोकळा झाला होता.

"रोज का यही है," व्यापारी मला म्हणाला. त्याने मोबाइल उलटा करून ठेवला. "पूरी गली पूछती है, सेठ, सवाल आया क्या? ग्राहक के सामने भी. मैंने तो आपके भिया के कहने पे डाला था ये."

स्टेशनवर परतल्यावर मी अभियंत्याला विचारलं. त्याला यात आश्चर्य वाटलं नाही. ट्रान्समीटरवरून आवाज थेट रेडिओत जातो, तो म्हणाला. ॲपसाठी तो आधी सर्व्हरवर जातो, तिथून तुकड्यांनी येतो, आणि फोन थोडे तुकडे साठवल्याशिवाय वाजवायला सुरुवात करत नाही. जवळपास अर्धं मिनिट जातं, कधी जास्त. सगळ्याच ॲप्सचं असंच असतं. आम्हाला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला की कोणी विचारलं नव्हतं.

ते खरं होतं. स्टुडिओत आम्ही थेट आवाज ऐकत होतो. मुंबईतल्या लोकांनी ॲप तपासलं तेव्हा फक्त ॲप ऐकलं होतं. दोन्ही एकत्र लावून कोणीच ऐकलं नव्हतं. ॲप ऐकणारा श्रोता आमची स्पर्धा जिंकूच शकत नव्हता, आणि निवेदकाची नोकरी ज्यांच्यावर अवलंबून होती ते हेच श्रोते होते. नंतर मी ॲपखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. ॲप काढून टाकलेल्या पुष्कळांनी तेच कारण लिहिलं होतं. सेटिंग है.

गुरुवारी मुंबईशी व्हिडिओवर बैठक झाली. तिकडून डिजिटल विभागाचा प्रमुख होता, निवेदकापेक्षा वयाने बराच लहान. इकडे स्टेशनप्रमुख बाई, निवेदक आणि मी.

प्रमुखाचं म्हणणं होतं की स्पर्धा फक्त ॲपवाल्यांसाठी ठेवावी. रेडिओवाल्यांना ॲपवर आणायचा तोच सरळ रस्ता होता.

"आणि रस्सीवाल्याने काय घोडं मारलंय?" निवेदक म्हणाला. "इतकी वर्षं तोच ऐकत आला ना आम्हाला?"

मग ट्रान्समीटरचा आवाजच अर्धं मिनिट मागे ठेवता येईल का, असं प्रमुखाने विचारलं. निवेदक म्हणाला की मग फोनवर बोलणाऱ्या माणसाला मागे रेडिओवर स्वतःचाच शिळा आवाज ऐकू येईल आणि तो गोंधळेल. स्टेशनप्रमुख बाईंनी मान हलवली. प्रमुखाने तो पर्याय खोडला.

"लोक खरंच दोन दुकानांत समोरासमोर लावून ऐकतात?" त्याने विचारलं.

"भिया, सियागंजात सगळंच समोरासमोर असतं," निवेदक म्हणाला.

ठरलं एवढंच की 'पहिला फोन' बंद करायचा. प्रमुखाने एक अट घातली. ॲप मागे चालतं हे रेडिओवर बोलायचं नाही. नवं ॲप आहे, लोक सोडून जातील.

बैठकीनंतर निवेदक जिन्यात उभा होता. "त्या सेठला गल्लीने खोटा ठरवलाय," तो मला म्हणाला. "गुपचूप बदललं तर तो खोटाच राहतो ना?"

"दादा, जूनला करार आहे तुमचा."

"माहीत आहे, अगं."

शुक्रवारी स्पर्धेच्या वेळी त्याने प्रश्न विचारला नाही. तो म्हणाला, "भिया लोग, एक बात सुन लो. जो ॲप पे सुन रिये हैं, उनको मेरी आवाज देर से पोंचती है. सवाल उनके पास बाद में आता है, जीतनेवाला पेले जीत जाता है. सियागंज के मसालेवाले सेठ ने ये बात बोली थी और हमने नी मानी. सेठ झूठ नी बोल रिये थे. गलती हमारी थी. और सामनेवाले भिया, अब तुम हँसना बंद करो, तुम्हारे दोनों डब्बे वापस नी माँग रिये अपन."

मग त्याने नवी पद्धत सांगितली. प्रश्न दुपारी विचारला जाईल. उत्तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून संध्याकाळपर्यंत कधीही पाठवा. दुसऱ्या दिवशी त्यातून नाव निघेल. आधी ऐकलं काय, नंतर ऐकलं काय, फरक पडणार नाही.

त्याच संध्याकाळी मुंबईहून खुलासा मागणारी मेल आली. उत्तर स्टेशनप्रमुख बाईंनी दिलं. त्यात काय होतं ते मला दाखवलं नाही.

पहिले काही दिवस उत्तरं एका शब्दात येत होती. फोन लावण्यातली मजा गेली, अशा तक्रारीही येत होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. मग निवेदकाने प्रश्नच बदलायला सांगितले. एकच उत्तर असलेले प्रश्न नकोत, असं त्याचं म्हणणं होतं. आज दुकानात सगळ्यात आधी कोण आलं? घरात कोणाचं घोरणं सगळ्यात मोठं? मी शहर पानाच्या सवयीने प्रश्न लिहायचे आणि तो ते फिरवून विचारायचा. राजेंद्र नगरातल्या एका निवृत्त बाईंनी मराठीतच उत्तर पाठवलं, आणि ते त्याने तसंच लावलं. मसाल्याच्या व्यापाऱ्याने घोरण्यावर उत्तर रेकॉर्ड केलं तेव्हा मागून दोरखंडवाला ओरडत होता, "अपना नाम बोल, सेठ, शरमा मत!" ते दोघांच्या आवाजांसह रेडिओवर गेलं. त्यानंतर बाजारातून अशीच दोघा-तिघांची उत्तरं येऊ लागली. एकाचं बोलणं दुसरा तोडायचा.

त्या आवाजांचा दहाएक मिनिटांचा तुकडा कापून मी रोज संध्याकाळी ॲपवर ठेवू लागले. त्यात गाणी नव्हती, प्रश्न नव्हता, उशिराचा प्रश्नच नव्हता. नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली इंदुरी मुलं ते रात्री ऐकत असल्याचं त्यांच्या प्रतिक्रियांवरून दिसत होतं. नमकीनच्या दुकानाने आपली जाहिरात या तुकड्यातही हवी म्हणून विचारणा केली. स्टेशनप्रमुख बाईंनी ती मुंबईला कळवली. ॲपचे आकडे वाढत होते. ते पुरेसे आहेत की नाहीत, हे आम्हाला कोणी सांगत नव्हतं. निवेदक विचारायचाही नाही. मे महिन्यात त्याने लग्नांच्या निवेदनाची दोन कामं घेतली, एवढं मला त्याच्या सुट्टीच्या अर्जांवरून कळलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून निर्णय आला. मेल डिजिटल विभागाच्या प्रमुखाने लिहिली होती. दुपारचा पहिला तास इंदूरहून थेट जाईल. उरलेले दोन तास मुंबईहून येतील. श्रोत्यांच्या आवाजांचा रोजचा तुकडा ॲपवर चालू राहील आणि त्याची जबाबदारी निवेदकाकडे असेल. माझी बदली सकाळच्या कार्यक्रमावर झाली होती.

निवेदकाचा करार एका वर्षाने वाढवण्यात आला. त्याने त्याच दुपारी, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, त्यावर सही केली.