शब्दाचं शेपूट

नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलींना मी दापोलीत इंग्रजी शिकवते. आजारांची लांबलचक नावं बघून त्यांचे डोळे पांढरे होतात. मग मी म्हणते, बायांनो, घाबरू नका, शेपूट धरा. ही शेपटं बहुतेक ग्रीकांकडून आलेली. 'आयटिस' म्हणजे मुळात नुसतं 'अमक्याचा', अमक्या अवयवाचा आजार. सूज हा अर्थ मागाहून चिकटला. 'लॉजी'मागे 'लोगोस' आहे, म्हणजे बोलणं. 'टमी' म्हणजे कापणं, आणि त्याच्या आधी 'एक्' आलं की कापून बाहेर काढणं.

वर्षानुवर्षं हे मी पोपटासारखं सांगत आले. मग आमच्याच घरातल्या कागदावर 'लॅरिंजेक्टमी' आलं.

माझे बाबा हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारायचे. बुरोंडीच्या आमच्या घरात ते कुजबुजले तरी शेजारी हुंकार द्यायचे. घशात कॅन्सर निघाला तेव्हा आवाज बसला होता, पण होता. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी मान डोलावली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, दवाखान्यातल्या खाटेवर, बाबांना बोलायची लहर आली. सुरमईचा भाव काय झाला असेल, आईने सकाळचा चहा कसा बिघडवला, काहीबाही. आईने डोळे वटारले.

"गप ऱ्हावा जरा. घसा दुखेल."

ते माझ्याकडे वळले. "बाय, मी काय सांगतो..."

"बाबा, उद्या बोला. आता घशाला आराम द्या."

मोठी आली मास्तरीण! दुसऱ्या दिवशी कापून टाकायच्या घशाला आराम कशाला? शेपटाचा अर्थ शंभर मुलींना शिकवला, आणि त्या संध्याकाळी तो माझ्याच डोक्यात शिरला नाही. बाबा शहाण्यासारखे गप्प बसले.

आज ते बरे आहेत. बंदरात जातात, बोटांनी भाव दाखवतात, हातवाऱ्यांनी आईची मस्करी करतात. मला मात्र ती संध्याकाळ सोडत नाही. त्यांचा आवाज आठवू बघते आणि माझाच ऐकू येतो, उद्या बोला.

परवा धीर करून विचारलं, "बाबा, त्या संध्याकाळी काय सांगत होतात?"

त्यांनी पाटी ओढली. पेन्सिल उचलली. मग लिहिलं, "काय नाय गो. नुसतां बोलायचां होतां."